पुडीचं बिंग रक्तानं फोडलं

"किडनीत गाठ आहे. कॅन्सरची," नांदेडचे डॉक्टर म्हणाले. मी आधी नवऱ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा पडला, तशी मला भीती बसली. ती अजून गेलेली नाही.

ऑपरेशनात ती किडनी काढली. पण गाठ परत येण्याचा धोका होता, म्हणून लातूरच्या एका दवाखान्यात थेरप्युटिक व्हॅक्सिनच्या चाचणीत नाव घातलं. ही लस आजार टाळायला नसते; कॅन्सरच्या उरल्यासुरल्या पेशी ओळखून मारायला ती शरीराला शिकवते. अर्धापूरकडच्या अंगणवाडीत तीस वर्षं मी लेकरांना लशीसाठी धरून बसवलं होतं. आता दंड माझा होता.

मुक्काम लातूरजवळच्या मुरुडला, भावाकडं. प्रत्येक डोसानंतर तीनदा रक्त द्यायचं, ते तपासायला हैदराबादला पाठवायचे. चाचणीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "याला सिस्टिम्स बायोलॉजी म्हणतात. रक्तातल्या हजारो जीन्सची, म्हणजे जनुकांची, उलाढाल एकदम बघायची. लस कुणाला लागू पडते, कुणाला नाही, ते कळलं की लस सुधारता येते."

दुसऱ्या डोसानंतर त्यांनी बोलावलं. "तुमच्या शरीरानं लशीची दखलच घेतलेली नाही. दुसरं काही औषध घेता?"

"न्हाई," मी ठोकून दिलं.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "गुडघेदुखीची पुडी घेऊन राहिलीस की रोज!"

"आवं, ती कुठं औषध हाय? बाजारातली भुकटी ती."

बोलले खरी, पण मनात आलं, खरं सांगितलं तर चाचणीतून काढतील, नाही सांगितलं तर लस लागू पडायची नाही अन् गाठ परत येईल. बाकावर तासभर बसून राहिले. शेवटी नवऱ्यानंच माझ्या पिशवीतली पुडी काढून हातात दिली. मी आत गेले.

पुडी तपासली. त्यात स्टेरॉइड निघालं. सूज उतरवतं, पण लशीनं जागवायच्या पेशींनाही दाबून टाकतं. "एकदम सोडू नका, हळूहळू कमी करू," मॅडम म्हणाल्या. चाचणीत ठेवायचं की नाही, ते चाचणीवर देखरेख करणारी समिती ठरवणार होती. ते आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

समितीनं ठेवलं. पुढच्या डोसानंतर रक्तात लस लागू पडल्याची थोडी हालचाल दिसली. "म्हणजे गाठ येणार नाही असं नाही," मॅडमनी बजावलं. प्रत्येक स्कॅनला मी अजून घाबरते. नवऱ्याचे उपकार मात्र फिटायचे नाहीत.

अंगणवाडीत आया बाळाला काहीबाही चाटवायच्या अन् विचारलं की नाही म्हणायच्या. मी त्यांच्यावर लई ओरडायचे. त्या लबाड नव्हत्या, माझ्यासारख्याच घाबरलेल्या होत्या. तुम्हीही घाबरला असाल. घाबरा, पण पुडी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.