डॅशबोर्डमागच्या नीटनेटक्या तारा

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. छत्तीसगडच्या हद्दीपर्यंत दरोडेखोरांचा पाठलाग केलेला माणूस मी, पण सेवेतला सगळ्यात अवघड दिवस कोणता असं कुणी विचारलं, तर मला एक टिफिनचा डबा आठवतो.

निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. नागपूरच्या दक्षिणेकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत बेसा भागातल्या नव्या वस्त्या होत्या आणि तिथल्या बहुतेक तक्रारी पार्किंगच्या किंवा कुत्र्यांच्या. सकाळची हजेरी आटोपून बसलो, तोच एका गॅरेजवाल्याचा फोन आला. तो आमच्या ओळखीचा, चोरीच्या गाड्यांची खबर द्यायचा. म्हणाला, "साहेब, एका मॅडमची गाडी आली. बॅटरी उतरून राहिली म्हणून खोललं, तर डॅशबोर्डमागं लोकेशनचा डबा निघाला. मॅडमले माहीतच नाही. मी त्यायले तुमच्याकडेच पाठवून राहिलो."

मॅडम म्हणजे कुही तालुक्यातल्या बँकेत काम करणारी पस्तिशीची बाई. रोज बेसा ते कुही स्वतः गाडी चालवत जायची. नवऱ्यापासून वेगळी होऊन वडिलांकडे राहत होती. दोन पंचांसमोर आम्ही गाडीचा पंचनामा केला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा काळा डबा, बाजारात सहज मिळणारा. गाडी कुठे आहे ते लावणाऱ्याला मोबाइलवर घरबसल्या दिसतं. डबा सुटा करून ताब्यात घेतला आणि बाईंना विचारलं, "संशय कुणावर?"

"नवऱ्यावर," त्या म्हणाल्या. "गाडीची दुसरी चावी खूप दिवस त्यांच्याकडेच होती."

झालं. वेगळी राहणारी बायको, चावी असलेला नवरा. आम्हाला आरोपी शोधायला उंबरठाही ओलांडावा लागला नाही. नवरा एका खाजगी शाळेत शिक्षक. माणूस पाठवून बोलावून घेतलं, तर तो शाळेच्याच कपड्यात आला, बोटांना खडू लागलेला.

चौकशीत माझी एक सवय होती. पहिला प्रश्न गुन्ह्याचा विचारायचा नाही. चहा द्यायचा, घरचं विचारायचं, मग अचानक मुद्द्यावर यायचं. खोटं बोलणारा माणूस तिथे अडखळतो. हा अडखळला नाही, उलट चिडला.

"साहेब, मले घरचा बल्ब बदलता येत नाही. तिलेच विचारा. फ्यूज गेला का मी शेजाऱ्याले बोलवायचो, त्याच्यावरूनही आमचे भांडणं झाले."

"तुम्ही कुणाकडून लावून घेतला असेल."

"काहून लावीन? ती गेली तेव्हा मी अडवलं नाही. आता काहून मागं लागीन?" मग माझ्या डोळ्यांत पाहत आवाज खाली आणून म्हणाला, "केस झाली तर शाळा मले उद्याच काढते. तेवढं ध्यानात ठेवा."

असे डोळे मी पुष्कळ पाहिले होते, आणि त्यांवर विश्वास न ठेवायलाही शिकलो होतो. त्याला बाजूच्या खोलीत बसवून ठेवलं.

टेबलावर डबा आणि त्याच्या कापलेल्या तारा होत्या. सहज उचलून पाहिल्या आणि खटकलं. चोरून लावणारा माणूस घाईत असतो. तार सोलतो, पिळतो, वर टेप गुंडाळतो आणि मोकळा होतो. इथे तसं काहीच नव्हतं. तिन्ही तारा मेणाच्या दोऱ्याने सारख्या अंतरावर गाठी मारून बांधलेल्या. प्रत्येक तारेच्या टोकाला पांढऱ्या नळीचा छोटा तुकडा ओवलेला आणि त्यावर नंबर छापलेला. कोराडीला असताना तांब्याच्या चोरीच्या तपासात मी वीज केंद्राच्या आतली पॅनेलं पाहिली होती. हजारो तारा, प्रत्येकीला असा नंबर, आणि सगळ्या अशाच बांधलेल्या. ज्याने जन्मभर ते काम केलं, तो घरची घंटीसुद्धा तशीच बसवणार. हाताला दुसरं येतच नाही.

बाईंना आत बोलावलं. "गुन्हा लिहून घेतो. त्याआधी हे एकदा नीट पाहून घ्या."

डबा गाडीतून निघाला तसा आम्ही तो लगेच पिशवीत घातला होता, त्यामुळे तारा त्यांनी तोवर जवळून पाहिल्याच नव्हत्या. त्यांनी त्या पांढऱ्या नळ्यांवरून बोट फिरवलं. चेहऱ्यावरचा राग उतरत गेला आणि मागे काहीच उरलं नाही.

"तक्रार राहू द्या, साहेब."

मी वैतागलो. "राहू द्या म्हणजे? सकाळपासून पंच बसवलेत, एक माणूस शाळेतून उठवून आणलाय. इथे काय पोरखेळ चाललाय?"

तेवढ्यात आमच्या हवालदाराने पंचांसमोर डबा उघडला. "साहेब, यात सिम दिसून राहिलं." नंबर कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे ते सिम साध्या फोनमध्ये घालून समोरच्या एखाद्या फोनवर मिस्ड कॉल द्यायचा. बाईंचा नंबर तक्रारीच्या कागदावर होताच. त्याने तोच लावला.

टेबलावरचा त्यांचा फोन थरथरला. पडद्यावर नाव आलं: आई.

हवालदार खूश झाला. "सापडली! मॅडम, तुमच्या आईनंच..."

"आई नाही आता," त्या म्हणाल्या. "गेली. बाबा तिचं सिम बंद पडू देत नाहीत, रिचार्ज मारत राहतात."

फोन वाजत होता. त्यांनी तो उचलला नाही आणि कापलाही नाही. शेवटी हवालदारानेच घाबरून बंद केला. खोलीत पाच माणसं होती आणि एकालाही कुठे पाहावं ते कळेना.

"त्यांना सोडा, साहेब," बाजूच्या खोलीकडे हात करून त्या म्हणाल्या. आवाज स्पष्ट होता. "त्यांनी काही केलं नाही. आमच्या घरच्या घंटीच्या ताराही बाबांनी अशाच बांधल्या आहेत. जन्मभर वीज केंद्रात होते ते."

बापाचं नाव पोलिसांसमोर घ्यायला त्यांना काय लागलं असेल, ते मी समोर बसून पाहिलं. गप्प राहिल्या असत्या तर नवऱ्याची नोकरी गेली असती, बापाची अब्रू राहिली असती. त्यांनी वेळ लावला नाही.

मी वडिलांना बोलावणं पाठवणार, तोच ते स्वतःच दारात आले. सत्तरीकडे झुकलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात टिफिन. मुलीने फोनवर फक्त 'गाडीच्या कामानं ठाण्यात आहे' एवढंच सांगितलं होतं.

"बेटा, सकाळपासून काही खाल्लं नसशीन..." म्हणत ते आत आले आणि टेबलावर नजर गेली. आपलं काम त्यांनी लगेच ओळखलं. टिफिन हातातच राहिला.

"बाबा, काहून?"

म्हाताऱ्याने नाकारलं नाही. "मीच लावला. तुले यायले उशीर होते. फोन केला तर तू चिडते. तुही माय गेल्यावर मले... मग मी नकाशात पाहत राहतो. गाडी पांदणीच्या कच्च्या रस्त्यावर थांबली का चालून राहिली..."

"आणि तलावाजवळ थांबते तेही पाहत होते?"

मुलगी थांबली नाही. "रोज येताना मी तिथं अर्धा तास गाडीत बसते. घरी रडता येत नाही म्हणून तिथं बसून रडते. तेही तुम्ही पाहत होते?"

"नकाशात रडणं नाही दिसत, माय," म्हातारा म्हणाला. "नकाशात फक्त गाडी थांबलेली दिसते." मग अगदी हळू, "मले वाटलं, तू तिथं कोणाले भेटून राहिली."

तो शब्द बाहेर पडला आणि त्याचं त्यालाच कळलं. मुलीने पदर सारखा करावा तशी ओढणी चेहऱ्यावर घेतली. पस्तीस वर्षं लोकांच्या घरातली लाज पंचनाम्यात लिहिली, पण त्या क्षणी मला खुर्चीवर बसवेना. मी उठून खिडकीशी गेलो.

नवरा बाजूच्या खोलीतून बाहेर आला होता. सगळं ऐकलं असावं. म्हाताऱ्याने त्याला पाहिलं, टिफिन टेबलावर ठेवला आणि वाकला. लग्नात ज्या जावयाचे पाय धुतले, त्याच्या पायाला ठाण्यात हात लावायला निघाला. जावई दोन पावलं मागे सरला. "असं नका करू, बाबूजी," एवढंच बोलला आणि माझ्याकडे वळला. "मी जाऊ का? दुपारनंतर सातवीचा वर्ग आहे." मी हात जोडले. आमच्या खात्यात ते सहसा होत नाही.

बाईंना मी स्पष्ट सांगितलं, "पाळत ठेवणं हा गुन्हाच आहे. बापाने केला तरी. तुम्ही म्हणाल तर आत्ता लिहितो." त्यांनी नकारार्थी मान हलवली. तक्रार नसल्याचं लिहून दिलं, स्टेशन डायरीत नोंद झाली. निघताना फक्त सिम मागितलं, मी सही घेऊन दिलं.

गाडीत अजून उरलेली तार लोंबत होती. बाहेर आवारात म्हातारा डॅशबोर्डखाली वाकला, तारा सोडवू लागला. तिथल्या अंधारात त्याला गाठ दिसेना. मुलगी मोबाइलचा उजेड धरून उभी राहिली. काम झाल्यावर दोघं गाडीत बसली. टिफिन तिच्या मांडीवरून मागच्या सीटवर गेला, न उघडलेलाच. फाटकाबाहेर गाडी डावीकडे बेसाकडे वळेल असं मला वाटलं होतं. ती उजवीकडे वळली, तलावाच्या रस्त्याला.

काखेत कळसा असताना आम्ही जावयाला शाळेतून उचलून आणलं, हा तपासातला धडा. तो नव्या अधिकाऱ्यांना मी पुढे बऱ्याच वेळा सांगितला. दुसरा धडा कुणाला सांगितला नाही. त्या म्हाताऱ्याला मुलीचा रस्ता मीटरमीटरने माहीत होता, आणि ती का थांबते हे एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ती कदाचित चिडली असती. तेवढीच भीती होती.

माझी मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. तिकडे राहायला जाताना तिने माझ्या मोबाइलमध्ये स्वतःचं लोकेशन चालू करून दिलं होतं, बाबांना काळजी नको म्हणून. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी ते बंद केलं. आता उशीर झाला की सरळ फोन करतो. ती वैतागते, "बाबा, किती वेळा?" म्हणते. वैतागू दे. निदान आवाज रडका आहे की नाही, ते तरी कळतं.