चौदा एप्रिलची पांढरी बोगनवेल

मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसायचं, बाहेर काढून चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "राहू दे. अजून तहान नाही लागली तिले." शेजारच्या काकूंची सकाळ अशी सुरू व्हायची. मग बोट पदराला पुसलं जायचं. त्यांची कोणतीही साडी आठवा, पदराच्या टोकाला मातीचा फिकट डाग असणारच.

रायपूरच्या आमच्या कॉलनीत त्या एकट्या राहायच्या. रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या. फाटकाशी अर्धा कापलेला लोखंडी ड्रम होता आणि त्यात पांढरी बोगनवेल. भिंतीकडे निघालेली प्रत्येक फांदी त्या कापून टाकायच्या. "चढू देल्ली का शेंड्यालेच फुलते. मंग फुलं शेजाऱ्याच्या गच्चीवर." त्यांच्याकडे ती वेल नव्हतीच, खांद्याएवढं गोल झुडूप होतं.

पावसाळा संपला की छाटणी, मग शेणखत. जानेवारी सरताना पाणी जवळजवळ बंद. बोगनवेल तहानेनं फुलते, पाणी मिळालं की नुसती पानं काढत बसते, हे मला त्यांच्याकडून कळलं. सगळा हिशोब चौदा एप्रिलचा. जयंतीला विहाराच्या दारावरची कमान दरवर्षी ह्याच फुलांची असायची.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी कळायची, पण उत्तर हिंदीतच निघायचं, तेही कमी.

"काहून पोट्टी, बोलाले फी लागते का तुले?"

"नहीं, आंटी."

"हव. आज दोन शब्द झाले."

एका वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला मुलाकडे गेल्या. फाटकाची किल्ली माझ्या हातात दिली. "आठ दिवसांतून एक तांब्या. पानं लोंबतीन, तुले दया येईन. तरी देऊ नको."

पाचव्या दिवशी पानं लोंबली. मला बघवेना. मी एक बादली घातली, दुसऱ्या दिवशी आणखी एक. आठवड्यात झाड असं तकतकीत झालं की मी त्याचा फोटो काढला. कोवळे हिरवे फुटवे आले. आलेल्या कळ्या गळून ड्रमभोवती पडल्या होत्या, त्या मी झाडून टाकल्या.

तीन आठवड्यांनी काकू काळा चष्मा लावून रिक्षातून उतरल्या. घरात न जाता आधी ड्रमापाशी गेल्या आणि बोट घातलं.

"पाणी कोण घालत होतं?"

मी ड्रमाखाली उरलेली एक वाळकी कळी चपलेनं आत सारली.

"टाकी भरून वाहिली असंन," त्या स्वतःच म्हणाल्या. मी होकारार्थी मान हलवली.

त्यांनी लगेच पाणी तोडलं. रोज सकाळी त्या फांद्या वाकवून बघायच्या. चौदा तारखेपर्यंत दहा-बारा फुलं आली, तीही एका बाजूला.

त्या दिवशी पांढरी साडी नेसून त्या मला विहारात घेऊन गेल्या. बायका शिडी लावून, दोरा घेऊन तयार होत्या. फुलांची टोपली आली नाही हे बघून एकीनं विचारलं, "काकू, फुलं?"

"यंदा माझंच चुकलं. पाणी जास्त झालं."

"तुमालेबी आता झाडं समजेनात का?" ती हसली. सगळ्या हसल्या. काकूही हसल्या, पण पदर सारखा करत राहिल्या.

मी शेजारीच होते. एकच वाक्य पुरलं असतं, कोणत्याही भाषेतलं. ते आलं नाही. बाजारातून झेंडूच्या माळा आणून कमान बांधली गेली. परतताना काकूंनी मला उसाचा रस पाजला आणि ऊन फार आहे म्हणाल्या.

त्याच वर्षी थंडीत त्या गेल्या. मुलगा घर रिकामं करायला आला तेव्हा त्यानं दोन माणसांकडून ड्रम उचलवून आमच्या दारात ठेवला. "आईनं सांगून ठेवलं होतं," म्हणाला.

फेब्रुवारीत पानं लोंबली. माझी आई दोनदा म्हणाली, "मेलं वाटते ते." मी आठ दिवसांतून एका तांब्यावरच थांबले. एप्रिलमध्ये पान दिसेना इतकं झाड पांढरं झालं.

दोन टोपल्या भरून विहारात नेल्या, आणि मग दरवर्षीच. चौथ्या वर्षी फुलं ओवायला मी मुद्दाम, तेव्हा पहिल्यांदा हसलेल्या त्या ताईंशेजारी बसले. वाक्य घरून जुळवून आणलं होतं. "ताई, त्या साली पाणी मी घातलं होतं. काकूंनी नाही."

त्यांनी दातांनी दोरा तोडला. "कोण्या साली?"

"फुलं नव्हती त्या साली."

"फुलं नव्हती असं कवा झालं? काकू होत्या तवर दर साली कमान ह्याच फुलांची होती." त्यांनी माळेचं एक टोक माझ्याकडे दिलं. "धर. ढिलं नको सोडू."

मी धरलं.