बकाराम भाऊजींचं ब्रिंजल

आमचे बकाराम भाऊजी केशोरीचे. धान निघालं की कालव्याकाठी वांगी लावतात. वांगी झकास येतात, खोटं कशाला बोलू? पण खाणाऱ्याला त्या वांग्याचं कूळ ऐकल्याशिवाय सुटका नाही. दोन वर्षांमागं दिव्यानं, म्हणजे त्यांच्या पोरीनं, मोबाईलवर वाचून दाखवलं की 'ब्रिंजल' हा इंग्रजीतला शब्द मूळचा आपलाच. झालं! बाजारात ब्रिंजल, बसमध्ये ब्रिंजल, मयतीत सुद्धा ब्रिंजल. माणूस आहे की पोपट! दिव्याला बघायला आलेल्या मागच्या पाहुण्यांची तर यापायी शेवटची बस हुकली. ते पुन्हा फिरकलेच नाहीत.

म्हणून यंदा सालेकस्याचे शालीकरामजी आपल्या पोराला, भुपेंद्रला, घेऊन आले, तेव्हा माझ्या बहिणीनं, नंदाताईनं, नवऱ्याला आधीच दटावलं, "आज वांग्याचं काढलं त मी माहेरी जाईन." भुपेंद्र दिव्याच्या मनात भरला होता. ही सोयरीक मोडली असती तर पोरगी खचली असती.

भाऊजी गप्प बसले. इतके गप्प, की मलाच धडकी भरली. पाहुणे वांग्याच्या भाजीची वाहवा करत होते, अन् हे ताटाकडं पाहून नुसता घाम पुसत होते. शेवटी शालीकरामजींनी हात धुतले अन् उभेच राहिले.

"तुमी त बोलूनच नाही रायले जी. सोयरीक मनात नसन त तसं सांगा. आमी निघतो."

दिव्याचा चेहरा पांढरा पडला. नंदाताईनं कपाळावर हात मारला. "अवं, सांगा न जी त्यायले ते वांग्याचं!"

मग काय, भाऊजी सुटलेच! आपलं वातिंगण, म्हणजे संस्कृतातलं वांगं, इराणात गेलं त बादिंगान झालं, अरबायच्या घरी बादिंजान, पोर्तुगिजायच्या घरी बेरिंजेला, अन् जहाजात बसून ब्रिंजल होऊन माघारी आलं. पाहुणे पोट धरून हसत होते. शालीकरामजी पुन्हा खाली टेकले.

"अन् घरी आलं," भाऊजी म्हणाले, "त घरच्यायनं वळखलंच..."

पुढचं 'नाही' तोंडातून येईना. एरवी इथं ते टाळी मागतात. आज दिव्याकडं पाहत राहिले, अन् बाप्पा, भरल्या घरात लेकरासारखे रडू लागले.

दिव्यानं त्यांचा हात धरला. "सासरी नाव काई बी होऊ दे, बाबा. तुमी हाक मारा, मीच ओ देईन."