गोठ्यातलं बिनशिंगाचं रेडकू

जेवताना मी वडिलांना म्हणालो, ‘‘आबा, घुंगरू आणायचं म्हणतोय.’’

आबांचा हात ताटातच थांबला. त्यांनी आधी माझ्या बायकोकडं बघितलं, मग माझ्याकडं.

‘‘आन् नाचणार कोण?’’

घुंगरू ही डुकराची जात आहे, असं सांगितल्यावर प्रकरण आणखी बिघडलं. नाचणारी परवडली असती, असं त्यांचा चेहरा सांगत होता. आमचं घर पिढ्यान्पिढ्या म्हशीवालं. मी आपलं भाषण केलं: बंगालकडची देशी जात आहे, काळीभोर, लोंबत्या कानांची, कमी होत चाललीय, कुणीतरी सांभाळायला पाहिजे.

‘‘बंगालात माणसं न्हाईत व्हय सांभाळायला?’’ आबा म्हणाले.

तरी मी ओळखीच्या एका पशुवैद्याच्या खटपटीनं मादीचं एक पिल्लू आणलंच. आबांनी अट घातली: गावात डुक्कर हा शब्द काढायचा नाही. कुणी विचारलं तर रेडकू. रंग काळा असल्यामुळं लांबून ते खपूनही जायचं. जवळून मात्र नाकाचं काय करायचं, हा प्रश्न होता.

मे महिन्यात एक पावणं म्हैस विकत घ्यायला आले. म्हैस बघता बघता त्यांची नजर कोपऱ्यात गेली.

‘‘हे काय वो?’’

‘‘रेडकू.’’

पावणं वाकून बघत राहिले. ‘‘शिंगं कुठायत?’’

‘‘उशिरा येत्यात ह्या जातीत.’’

‘‘आन् शेपूट एवढंसं?’’

‘‘थंडीनं आखडलंय,’’ आबा घाम पुसत म्हणाले.

तेवढ्यात घुंगरूनं पेंडीतून तोंड वर काढून लांबलचक ‘घुर्रर्र’ केलं.

‘‘पडसं झालंय,’’ आबा म्हणाले. पावण्यांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि म्हैस न घेताच गेले.

खरं सांगायचं तर आपण रेडकू आहोत, असा तिचाही समज झाला होता. ती म्हशीच्या पोटाला टेकून झोपायची, म्हशीबरोबर ओढ्यात डुंबायची. आबा मोटरसायकलवर वैरणीचा भारा घेऊन आले की म्हैस त्यांच्यामागं पळायची आणि म्हशीमागं ही.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या गावात म्हशी सजवून मैदानात आणतात. मालकानं गाडी पळवायची आणि म्हशीनं मागं धावायचं. आबांनी म्हशीची शिंगं रंगवली, गळ्यात कवड्यांची माळ घातली. हिला मी गोठ्यात कोंडून कडी लावली होती. कडी नाकानं उघडता येते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आबांनी गाडी सोडली. म्हैस ऐटीत धावली. आणि गर्दीच्या पायांतून वाट काढत ही मैदानात घुसली. शिट्ट्या सुरू झाल्या. स्पीकरवाला ओरडला, ‘‘आबा, मागं बघा! धाकटं बी आलं!’’

आबांनी मागं बघितलं आणि गाडीचा वेग वाढवला. थांबले असते तर ती सगळ्या गावासमोर त्यांना येऊन चिकटली असती. एका फेरीत म्हैस दमली आणि बाजूला जाऊन उभी राहिली. ही दमेना. दुसरी फेरी, तिसरी फेरी. आबा पुढं, कान फडफडवत ही मागं. माणसं पोट धरून हसत होती, मी तोंडावर रुमाल धरून उभा होतो. शेवटी पेट्रोल संपलं. गाडी थांबली, तशी ती आबांच्या पायाशी बसली आणि धापा टाकत त्यांच्याकडं बघायला लागली.

कुणीतरी विचारलं, ‘‘आबा, हे कसलं म्हणायचं?’’

आबांनी फेटा सारखा केला. ‘‘डुक्कर हाय. माझं हाय. तुमची म्हस पळती का तीन फेऱ्या?’’

पंचांनी तिच्या कपाळाला गुलाल लावला.

चार दिवसांनी आबांनी मला बोलावून घेतलं. ‘‘एकटी किती दिस ऱ्हाईल ती? स्थळ बघ. पर त्याच जातीचं, मिसळ नको.’’ मी त्याच पशुवैद्याला फोन लावला.

पुढच्या पावसाळ्यात तिला अकरा पिल्लं झाली. शेवटचं फार बारकं होतं, गारठलेलं. आम्ही पोतं शोधेपर्यंत आबांनी डोक्यावरचा फेटा सोडून त्यात त्याला गुंडाळलं होतं आणि छातीशी धरून ते गोठ्याच्या दारात बसले होते.

‘‘बघत काय उभा ऱ्हायलायस?’’ माझ्यावर ओरडले. ‘‘शेगडी आण की!’’