ज्येष्ठमधाचं फुलपात्र

लग्नाकार्यात कुणी विडा पुढं केला, की मी आधी तो उलगडून बघते. आत ज्येष्ठमधाची पूड दिसली तर विडा तसाच तबकात परत जातो. लोकांना वाटतं, म्हातारीची खोड आहे. असेना का. माझ्या वाट्याचं ज्येष्ठमध मी एकाच गरोदरपणात पिऊन संपवलं आहे.

ते दिवस लढाईचे होते. माझं माहेर औंधाकडचं, सासर कडेगावच्या बाजूचं. नवरा पलटणीत. रजेवर येऊन गेला आणि परत समुद्रापलीकडं निघून गेला. मागं मला दिवस गेले. थोरल्या जावेलाही त्याच सुमाराला दिवस गेले होते. तिचा नवरा घरचा ऊस बघायचा, आणि तिला आधीच्या सगळ्या मुलीच होत्या. म्हणजे घरात दोन पोटुशा सुना, पण सासूच्या लेखी पोटुशी मी एकटीच.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. तिचा बाप झाडपाल्याचं औषध द्यायचा, आणि ते सगळं ज्ञान आपल्याकडं आलंय असं तिचं म्हणणं होतं. गावातल्या बायका लेकराबाळांना घेऊन तिच्याकडं यायच्या. मला चौथ्या महिन्यात खोकला झाला, तेव्हा तिनं सांगलीहून ज्येष्ठमधाच्या काड्या मागवल्या, खलबत्त्यात कुटल्या आणि काढा करून दिला. खोकला गेला, हे मी कबूल करते. पण खोकला गेल्यावर काढा जायला नको का? तो वाढतच गेला. सकाळी उठल्या उठल्या पितळेचं फुलपात्र हजर, आणि संध्याकाळी दिवा लावताना पुन्हा.

"प्ये, पोरी. थंड असतंय. रगत वाढतंय. पोराचा गळा ग्वाड हुतोय," ती म्हणायची.

पोराचा! पोरीचा गळा गोड झाला तर काय बिघडणार होतं कोण जाणे. जावेला त्यातला थेंब मिळत नव्हता. ती चुलीपुढं भाकरी थापता थापता म्हणायची, "आमच्या नशिबात कुटलं आलंय ग्वाड?" मला तिची दया यायची. आज त्या दयेचं हसू येतं आणि संतापही येतो, कारण ज्या फुलपात्रासाठी ती झुरत होती त्याच्यापासून ती वाचली, ती केवळ नावडती होती म्हणून.

सातव्या महिन्यात ओटी भरायची म्हणून कासाराला बोलावलं. हिरवा चुडा भरताना त्यानं माझा हात दाबला, सोडला, पुन्हा दाबला. "आक्का, माप वाढलंय. हाताला सूज हाय," तो म्हणाला. सासू लगेच उसळली. "सूज न्हवं बाबा, अंग भरलंय! चांगलं खाती-पिती सून हाय माजी." मग मोठ्या मापाच्या बांगड्या भरल्या. थोड्याच दिवसांत त्याही मनगटात रुतल्या.

पाय तर असे झाले होते, की बोटानं दाबलं तर खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. कुठल्याही शहाण्या माणसानं ते पाय बघून घाबरावं. आमच्याकडं बायका ते बघायला बोलावल्या जायच्या. मी खांबाला टेकून बसायची आणि सासू माझं लुगडं घोट्याच्या वर सारून दाखवायची. "बघा, कसं गुबगुबीत झाल्यात पाय. लेकाचा गर्भ हाय, अंग धरतोच." बायका माना डोलवायच्या आणि काढा कसा करायचा ते विचारून घ्यायच्या. दुष्काळाची आठवण असलेल्या आमच्या भागात अंगावर काहीही चढलं तरी ते भाग्यच वाटायचं. मी सांगत होते, डोकं दुखतंय, कानशिलाची शीर उडतीय, डोळ्यांपुढं चांदण्या येतात. त्यावर तिचं एकच: दृष्ट लागलीय. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि काढा जास्त दाट केला.

आठव्या महिन्यात एका सकाळी मी पीठ परातीत ओतायला गेले आणि सगळं परातीबाहेर जमिनीवर ओतलं. परात मला दिसतच नव्हती. जाऊ धावत आली, माझ्या डोळ्यांपुढं हात हलवून बघितला आणि आपल्या नवऱ्याला हाक मारत सुटली. "आवं, गाडी जुपा! हिला दिसंना झालंय!" त्या घरात माझं म्हणणं खरं मानणारी ती पहिली बाई. सासूनं खळखळ केली, पण दिरांनी गाडी जुंपली होती. सडकेपर्यंत बैलगाडी, तिथून मोटार, असं करत आम्ही सांगलीला पोचलो. आणि सासूनं वाटेत लागेल म्हणून काढा तांब्यात भरून, वर फडकं बांधून बरोबर घेतला होता. तो तांब्या सगळ्या वाटेत तिच्या मांडीवर होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या दंडाला पट्टा आवळला, फुगा दाबला आणि पारा चढताना बघून त्यांचा चेहराच बदलला. "हिला काय काय देता?" त्यांनी विचारलं. सासूनं अभिमानानं तांब्या पुढं केला. बाईंनी वास घेतला. "हे आजपासून बंद. मीठ बंद. हिच्या रक्ताच्या नळ्या आवळल्यात. रक्त जोरानं धडका देतंय, आणि तरी बाळाकडं पुरेसं पोचत नाही."

"आवं बाई, रगत वाढायलाच देतोय की!" सासू म्हणाली.

माझी बोटं निळी पडत चालली होती. नर्स बांगड्या काढायला आली. सूज इतकी, की त्या निघणं शक्य नव्हतं, फोडायलाच हव्या होत्या. तशी सासू माझ्या खाटेआडवी झाली. "बांगड्यांस्नी हात लावू नगा! माजा ल्योक लढाईत हाय!" तिनं माझे दोन्ही हात पदराखाली झाकून घेतले. लढाईतल्या माणसाच्या बायकोच्या बांगड्या फोडायच्या म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं. पण हात माझे होते आणि ते ठणकत होते. मला कुणी विचारलं नाही. सासू रात्रभर हटली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर घालवलं आणि बांगड्यांवर ओलं फडकं टाकून एकेक फोडली.

त्याच संध्याकाळी कळा सुरू झाल्या. मुलगा झाला. रडला नाही. बाईंनी त्याला उलटा धरला, पाठ चोळली, खूप खटपट केली. नंतर कापडात गुंडाळून नेला. मी त्याचे केस पाहिले, काळेभोर. एवढंच पाहिलं.

दाराबाहेर सासूचा हंबरडा ऐकू आला, "बांगड्या फोडल्या! माजा नातू खाल्ला!"

आणि गावात तेच झालं. काढ्याचं नाव कुणाच्या तोंडी नाही, सूज कुणाला आठवत नाही, पाय बघायला आलेल्या बायकांना तर मुळीच नाही. बांगड्या फोडल्या म्हणून पोर गेलं. माझी आई भेटायला आली तीही तेच विचारून रडली. महिन्याभरात जावेला मुलगी झाली, चांगली टणटणीत, आणि बारशाला पाच बायकाही धड जमल्या नाहीत.

पुढं किती तरी वर्षांनी मी एका डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, ज्येष्ठमध फार दिवस पोटात गेलं तर अंगात मीठ आणि पाणी साचतं, रक्तवाहिन्यांवर ताण येतो, दाब चढतो. पण असा आजार काढ्याशिवायही होतो, तेव्हा तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं ते आता सांगता येणार नाही. खरं बोलले बिचारे. पण मला त्या खरेपणाचाही राग आला. काढ्यानं पोर मारलं असं मला छातीठोक म्हणता येत नाही, आणि बांगड्यांनी मारलं असं सगळा गाव छातीठोक म्हणत होता.

लढाई संपली. नवरा धडधाकट परत आला. बांगड्या फोडूनही त्याच्या अंगावर ओरखडा नव्हता. मी हे सासूला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "त्याच्यावरचं पोरावर गेलं." मी नवऱ्याकडं बघितलं. तो म्हणाला, "जाऊ दे गं, म्हातारी हाय."

मला पुन्हा दिवस गेले. तिसरा महिना सरला आणि एका सकाळी ते पितळेचं फुलपात्र माझ्यापुढं आलं. तोच वास, तेच दाट पिवळं पाणी. नवरा समोर न्याहारी करत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि बांगड्यांचा हात पाट्यावर ठेवला.

"आत्याबाई, हे माघारी न्या. न्हाईतर ह्या बांगड्या हितंच फोडते. तुमचा ल्योक समोर बसलाय, बघू द्या त्यालाबी."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. डॉक्टरणीचं सासूनं मानलं नव्हतं, नातू गेला तरी काढ्यावरचा तिचा विश्वास ढळला नव्हता. पण लेकावर संकट येईल म्हटल्यावर तिनं गुपचूप फुलपात्र उचललं आणि काढा मोरीत ओतला. पुन्हा कधी तो माझ्यापुढं आला नाही.

दिवस भरले. माझे पाय सुजले नाहीत, बांगड्या मनगटावर सुखानं फिरत होत्या. मुलगी झाली. जन्मल्याबरोबर इतकी ओरडली, की जाऊ हसत सुटली. सासूनं तिला मांडीवर घेतलं, उलटीपालटी करून बघितलं आणि जावेकडं वळून म्हणाली, "काढा प्याली न्हाई न्हवं, मग पोरगीच हुनार."

मी उठले आणि तिच्या मांडीवरून माझी मुलगी उचलून घेतली.