नाल्याकडचा उतार

मंगळवार, होळीचा आदला दिवस. हजर — मी आणि शिपाई रामदासभाऊ. साहेब दौऱ्यावर, बाकीचे रजेवर. ही हजेरी मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही.

कापसानं रडवलं त्या वर्षांतली गोष्ट. बोरी अरबकडच्या कमलताईंनी वावराचा एक तुकडा गिट्टीच्या खदानीला दिला होता — कपाशी परवडेना म्हणून. मुदत संपल्यावर ठेकेदारानं खड्डा बुजवून, जमीन सारखी करून परत द्यायची होती. त्या भरावाचा आराखडा तपासायला यवतमाळच्या खनिकर्म ऑफिसात माझ्या टेबलावर आला. खाली दगड-मुरूम, वर काळी माती, आणि सगळ्याला नाल्याकडे हलका उतार.

त्यानिमित्तानं कमलताई ऑफिसात यायच्या. पुढे काम नसलं तरी यायच्या. तुरीच्या शेंगा आणायच्या, माझ्या डब्यात डोकवायच्या. "एकट्या बाईचा सयपाक असा रायते काय मॅडम? दोन पोया अन् लोणचं!" मी एकटीच राहते. माझ्याशी असं बोलणारं दुसरं कोण होतं?

"कपाशी होईन ना तिथं?" त्या विचारायच्या.

होईल, म्हणायचे मी.

आमच्याकडे शंका आधी पेन्सिलीनं मांडतात. पक्की झाली की लाल शाईनं. त्या मंगळवारी उंचीचे आकडे पाहिले — नाल्याकडची कड मधल्या भागापेक्षा उंच. म्हणजे पाणी मधेच साचणार. मी पेन्सिलीनं गोल केला. आता जागेवर जाणं आलं, पुन्हा मोजणी आली. आणि मला — कसं सांगू? — सुट्टीआधी टेबल रिकामं हवं होतं. दुसरं कारण नाही. गोल खोडला, रबराचा चुरा फुंकला, सही केली.

"झालं काय मॅडम? लावू कुलूप?" रामदासभाऊ म्हणाले.

खड्डा भरला, कपाशी लावली. पहिल्याच पावसाळ्यात मधोमध पाणी तुंबलं. झाडं पिवळी पडली, सडली. कमलताई आल्या त्या हसतच. "वावर देल्लं व्हतं, म्हशीचं डबकं भेटलं!" मग हळूच — "तुमाले नाई दिसलं काय जी?"

"साहेबांनी समोर बसून सही करायला लावली," मी म्हणाले.

"असंन. तुमच्या हाती काय व्हतं?" त्यांनी माझ्याच पाठीवरून हात फिरवला.

समोर कोण बसलं होतं ते वर सांगितलंच आहे.

त्यानंतरही शेंगा आल्या. मीच 'मॅडम मीटिंगमध्ये आहेत' असे निरोप बाहेर पाठवू लागले. मग त्या यायच्या थांबल्या. आता डबा उघडते तेव्हा कुणी डोकावत नाही.

मधून नाल्यापर्यंत एक चर काढला तर पाणी निघून जाईल. ठेकेदाराकडून तो काढून घेता येतो — आराखडा चुकीचा मंजूर झाला, एवढं मंजूर करणाऱ्यानं लिहून द्यायचं. रोज सकाळी मी दिवसाची कामं मांडते. संध्याकाळपर्यंत उरकते.

चर अजून काढलेला नाही.