मागे वळून न पाहणारी पावलं

तो प्रसंग अजून मनातून जात नाही. काही गुन्ह्यांचा तपास माणूस करत नाही. नियती तो त्याच्या हातून करवून घेते. हे वाक्य माझं नव्हे. माझ्या निरोप समारंभात आमच्या वरिष्ठांनी ते माझ्याबद्दल वाचून दाखवलं होतं. आदल्या महिन्यात एका फौजदाराच्या निरोपालाही त्यांनी तेच वाचलं होतं, त्यामुळे टाळ्या कुठे वाजवायच्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. चौतीस वर्षांत मला खबरी भेटले, फुटलेले साक्षीदार भेटले, चहा पिऊन न वाचता पंचनाम्यावर सही करणारे पंच भेटले. नियती भेटली नाही.

निवृत्तीनंतर मी शारजाला, अल नहदात मुलाकडे राहायला आलो. मुलगा-सून सकाळीच दुबईला कामावर, नातू शाळेत, आणि मी अकराव्या मजल्यावरून ट्रॅफिक मोजत बसलेला. शेवटी मुलाच्या ओळखीने औद्योगिक क्षेत्रातल्या एका कंपनीने मला सुरक्षा सल्लागार नेमलं. गणवेशही दिला. त्याच्या खांद्यावर एवढी सोनेरी दोरी होती की नातवाने विचारलं, "आजोबा, आर यू जॉइनिंग अ बँड?" गणवेश कपाटात गेला. मी साध्या शर्टात गोदामांची कुलपं तपासू लागलो.

थंडीच्या दिवसांत एका बुधवारी कंपनीच्या फार्मवरून मॅनेजरचा फोन आला. हा फार्म शहरापासून तासाभरावर, वाळवंटाच्या कडेला. खजुराची झाडं, पाण्याची मोठी टाकी, चारी बाजूंनी उंच भिंत. भरती करणारा एजंट आपल्याकडचा असल्यामुळे तिथले पाचही कामगार महाराष्ट्रातले होते. मॅनेजर ठाण्याचा. कंपनीचे मालक, ज्यांना सगळे अरबाब म्हणत, रविवारी परदेशातून परतणार होते.

"सर, इथे जादूटोणा चाललाय," मॅनेजर म्हणाला. "माणूस पकडलाय. रविवारी अरबाब आले की पोलिसांच्या ताब्यात देतो, खलास. फक्त तुमचा रिपोर्ट लागेल."

या देशात जादूटोण्याला कायद्याने शिक्षा आहे. आधी तुरुंग, मग हद्दपारी. म्हणजे पकडलेल्या माणसाच्या हातात चार दिवस होते.

गुरुवारी दुपारी मी कंपनीच्या ड्रायव्हरसोबत पोहोचलो. मॅनेजरने मोबाइलवर फोटो दाखवला. भिंतीच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात बदामाचं पान, त्यावर काळपट लाल मांसाचा तुकडा, शेजारी एक न पेटवलेली सिगरेट. सलग चार शुक्रवार, पहाटे, त्याच जागी.

"फोटो काढला, पोरांना बोलवायला गेलो, दहा मिनिटांत परत आलो तर नुसतं पान," तो म्हणाला. "मांस नाही, सिगरेट नाही. सर, मी सायन्सचा आहे. पण मला घाम फुटला."

पकडलेला माणूस पंप चालवणारा होता, विदर्भातला, पन्नाशीचा. मॅनेजरने त्याला दोन दिवस कोठारात कोंडलं होतं. पुरावा म्हणून त्याच्या पेटीतली सहा लिंबं आणि काळा दोरा जप्त केला होता. मी आधी कुलूप उघडायला लावलं. माणसाला असं कोंडणं हाही गुन्हा आहे आणि तोही रिपोर्टात येईल, एवढं सांगितल्यावर किल्ली पटकन सापडली.

"साहेब, लिंबू तर मी पाण्यात पिळून पितो," पंपवाला म्हणाला. "उन्हाची मळमळ होते मले. यात जादू कुठची आली?"

"आणि एकटाच बडबडतो ते कोणाशी, विचारा ना," मॅनेजर मध्येच म्हणाला.

"पंपाशी बोलतो. दुसरं कोण ऐकते माझं इथं?" मग माझ्याकडे वळून तो हळू आवाजात म्हणाला, "साहेब, मारामारी करून जेलात गेलो तर घरचे समजून घेतील. पण जादू केली म्हणून गेलो, हे माझी बायको गावात कोणाले सांगन?"

मी कोठार पाहून घेतलं. तिथे खिळ्याला एक एअरगन टांगलेली होती. उंदरांसाठी ठेवलीय, असं कळलं. फळीवर बोटभर धूळ होती, बंदुकीवर अजिबात नव्हती. छऱ्यांचा डबा निम्मा रिकामा. मग मी स्वयंपाकघरामागचा कचऱ्याचा खड्डा उकरला. पोलिसाची अर्धी नोकरी अशा खड्ड्यांतच जाते. होल्यांची, म्हणजे लहान रानपारव्यांची, पिसं निघाली आणि पाच बारीक कवट्या. प्रत्येक कवटीला एकच भोक. एअरगनने होल्याचं डोकं एका छऱ्यात टिपणं हे पंपाशी बोलणाऱ्या माणसाचं काम नव्हतं. त्याचे हात चहाचा कप धरतानाही हलत होते.

संध्याकाळी मी खजुराच्या झावळीने कोपऱ्याभोवतीची सगळी वाळू सारखी करून घेतली आणि पंपवाल्याला माझ्याच खोलीत झोपवलं.

पहाटे बाहेर आलो तर दाट धुकं उतरलं होतं. टाकी दिसत नव्हती, पंप बंद, पाखरू बोलत नव्हतं. चाळीसेक पावलांवरून कोपरा अंधूक दिसला. पान होतं. त्यावर तुकडा होता, शेजारी पांढरी सिगरेट होती. माग तुडवला जाऊ नये म्हणून मी लांबून वळसा घेतला. एक-दोन मिनिटं कोपरा खजुराच्या बुंध्यांआड गेला. जवळ पोहोचलो तेव्हा पान रिकामं होतं. मधोमध ओला डाग होता.

ओल्या वाळूत ठसे लख्ख उमटतात. अनवाणी माणसाची पावलं कामगारांच्या खोल्यांकडून आली होती आणि परत गेली होती. तिसरा माग नव्हता, ना कुत्र्याचा ना कोल्ह्याचा. कावळ्याने नेलं असावं, असं मी डायरीत लिहिलं. कावळा सिगरेट कशाला नेईल, हे लिहिलं नाही.

मी त्या परतीच्या पावलांपाशी उकिडवा बसलो. चोरून काही ठेवून जाणारा माणूस एकदा तरी मागे बघतो. मान वळते, तेव्हा टाच वळते आणि ठशाची कड मोडते. किती घरफोड्या मी त्या मोडलेल्या कडेवरून वाचल्या आहेत. इथे एकही कड मोडलेली नव्हती. आखून दिल्यासारखी सरळ पावलं. त्या धुक्यात, तसली वस्तू ठेवून, हा माणूस एकदाही वळला नव्हता.

पंपवाला रात्रभर माझ्या शेजारी घोरत होता, हे मी मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "जादू तर लांबूनही करता येते, सर." मॅनेजर लोकांशी वाद घालू नये. त्यांना दुसरा माणूस दाखवावा लागतो.

दुपारी वारा पडलेला असताना मी पाचही जणांना बोलावलं. माझ्या ड्रायव्हरला पत्रा आणि सळई देऊन कोपऱ्यापलीकडे, भिंतीबाहेर उभं केलं. प्रत्येकाने पानावर कोंबडीच्या काळजाचा तुकडा घेऊन एकट्याने कोपऱ्यात ठेवायचा आणि परत यायचं. तो दहा पावलं परतला की मी हात वर करणार. भिंतीबाहेरच्या टेकाडावरून ड्रायव्हरला माझा हात दिसत होता.

"साहेब, मी नाही जाणार. पाहिजे तर पगार कापा," साताऱ्याचा ट्रॅक्टरवाला म्हणाला. त्याला मी सोडलं. नाशिकचा गवंडी गेला. पत्रा वाजला तसा गर्रकन वळला आणि त्याने भिंतीला आईवरून शिवी दिली. स्वयंपाकी धावतच आला. पंपवाला मटकन खाली बसला आणि बसल्या जागेवरून मागे बघू लागला.

शेवटी माळी गेला. सिंधुदुर्गातला, चाळिशीचा, सडपातळ. त्याने पान ठेवलं, जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि परत निघाला. मी हात वर केला. पत्रा वाजला, या वेळी जरा जास्तच जोरात. मी दचकलो. माळ्याचा खांदासुद्धा हलला नाही.

मी त्याला टाकीच्या सावलीत बसवलं.

"आवाज ऐकू आला नाही?"

"इलो."

"मग मागे का बघितलं नाहीस?"

"वाटो ठेवल्यार मागे बघूचा नसता, साहेबानु."

"कोणाचा वाटा?"

"जागेवाल्याचो," तो म्हणाला. शेजाऱ्याबद्दल बोलावं इतक्या सहज.

त्याच्या गावात शिकार झाली की पहिला वाटा त्या जागेच्या राखणदाराचा. काळजाचा तुकडा आणि एक विडी. इथे विडी मिळत नाही म्हणून सिगरेट. गावी काकाच्या ठासणीच्या बंदुकीवर त्याचा हात बसला होता. इथे उंदीर मारता मारता एका गुरुवारी होला टिपला, मग तो दर गुरुवारचा बेत झाला. खाल्लं तर वाटा द्यायलाच हवा.

"अरे, इथे वाळवंटात कोण जागेवाला?"

"हय कोण आसा ता म्हायत नाय. पण जागा कोणाची तरी असतलीच."

मीही इथे भाड्याच्याच घरात राहतो.

"तुझ्यामुळे तो पंपवाला जेलमध्ये जाणार होता. बोलला का नाहीस?"

"बोलणारच होतंय. फक्त आजचो शुक्रवार चुकवचो नव्हतो."

तेवढ्यात ड्रायव्हर आला. पत्रा त्याने बगलेत धरला होता. "सॉरी सर," तो म्हणाला, "लास्टवाला मैंने नहीं बजाया. घर से फोन आ गया था."

माळ्याने मान खाली घातली. मी ड्रायव्हरला गाडीत बसायला सांगितलं. ही नोंदही डायरीत नाही.

आता कागद उरला होता. खरं लिहिलं तर माळ्यावर दोन कलमं लागत होती, जादूटोणा आणि पक्ष्यांची शिकार. मी मॅनेजरला विचारलं, गुरुवारी रात्री जेवायला काय असतं?

"स्वयंपाकी तित्तर आणतो कुठून तरी. रस्सा एक नंबर, सर."

मी खिशातून कवट्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. पाच. मॅनेजरने बोटाने त्या मोजल्या. मुद्देमाल त्याने चार आठवडे खाल्ला होता, शिवाय दोनदा वाढून घेऊन. रिपोर्टाची भाषा सौम्य असावी, असं त्यालाही वाटू लागलं.

अर्ध्या पानाचा रिपोर्ट झाला. एक कामगार नियमबाह्यपणे भटक्या मांजरांना मांस घालत होता. त्याला समज देण्यात आली आहे. कोठाराची किल्ली यापुढे फक्त मॅनेजरकडे राहील. पंपवाल्याविरुद्ध काहीही आढळलं नाही.

रविवारी अरबाबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मांजरांच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून त्या कोपऱ्याकडे. काही न विचारता सही केली. पंपवाला त्याच दुपारी कामावर रुजू झाला. दोन दिवस काय काय झालं, ते त्याने पंपाला सविस्तर सांगितलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. गुन्हेगार एकदा तरी मागे बघतो, असं मी नव्या पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलो. त्यात आता दुरुस्ती करावी लागेल. वळून बघणारा माणसांना घाबरलेला असतो. न बघणारा कोणाला मान देतो, हे विचारण्याआधी आपल्याला उत्तर ऐकायचंय का, ते ठरवावं. मी त्या कोपऱ्यातून शेवटचं निघालो तेव्हा सरळ गाडीपर्यंत चालत आलो. मान आखडली होती, असं मी ड्रायव्हरला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात अरबाबांच्या हुकमाने त्या कोपऱ्यात लोखंडी खांबावर पाटी लागली. भटक्या मांजरांना खायला घालू नये. अरबी, इंग्रजी आणि हिंदीत. त्या फार्मवर मांजर नाही. कधी नव्हतंच, उंदरांसाठी एअरगन घेतली होती ती त्यामुळेच.